जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यापूर्वी

दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसला की जुन्या वह्या, पितळी मापे आणि मोडका तराजू यांच्याबरोबर आणखी एक वस्तू बऱ्याच घरांत खाली येते. ती म्हणजे काळ्या आवरणाचा, हातात धरून नेता येईल असा टेपरेकॉर्डर. शेजारी बुटांच्या खोक्यात दहा-वीस कॅसेटी असतात. त्यांपैकी बहुतेक बाजारातून विकत आणलेल्या, चित्रपटगीतांच्या किंवा भक्तिगीतांच्या. त्या आजही अन्यत्र ऐकावयास मिळतात. परंतु एखाद-दुसऱ्या कॅसेटीवर शाईने केवळ एक नाव आणि तारीख लिहिलेली असते. कोणाच्या आजोबांनी नातवंडांना सांगितलेली गोष्ट, कोणाच्या आत्याने लग्नाच्या आदल्या रात्री म्हटलेली गाणी, परदेशी गेलेल्या मुलासाठी आईने बोलून पाठविलेले ‘पत्र’. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कोठेही नसते.

मग घरातील एखादा उत्साही तरुण यंत्रात नवे सेल भरतो, तीच कॅसेट बसवितो आणि बटण दाबतो. चाळीस वर्षे न फिरलेला रबरी रोलर फीत ओढून घेतो, पण ती गुंडाळून घेणारे चाक फिरत नाही. क्षणभरात हातभर फीत यंत्राच्या पोटात गुंतते आणि चुरगळते. दुसरा प्रकार याहून वाईट. लाल बटण चुकून दाबले जाते किंवा आतील सरकपट्टी ध्वनिमुद्रणाच्या जागी अडकून राहिलेली असते, आणि आजोबांची गोष्ट ऐकू येण्याऐवजी पुसली जाते. म्हणून पहिले काम यंत्राचे नव्हे, कॅसेटचे. ऐकावयाची बाजू आपल्याकडे व फीत दिसणारी कड खाली धरली, की मागच्या कडेवर डाव्या हाताला प्लास्टिकची एक लहानशी पट्टी दिसते. ती मोडून काढली की त्या बाजूवर नवे मुद्रण करण्यास यंत्र नकार देते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोडाव्यात. या कामाला पैसा लागत नाही व अर्धे मिनिटही लागत नाही, तरी ते केलेले क्वचितच आढळते.

या यंत्राचा जन्म १९६३ सालचा. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ऑटन्स या अभियंत्याच्या हाताखाली कॅसेट व तिचा रेकॉर्डर तयार झाला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात तो मांडला गेला. ई.एल. ३३०० हे त्या पहिल्या यंत्राचे नाव. मध्यम आकाराच्या पाच सेलवर ते चालत असे. यंत्र केवढे असावे हे ठरविण्यासाठी ऑटन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता. पुढे मोटारीचे चाक बदलताना तो ठोकळा जॅकखाली ठेवला गेला आणि तेथेच राहिला. जगभर पसरलेल्या वस्तूचा मूळ नमुना रस्त्याच्या कडेला हरवावा, यात थोडी गंमत आहे आणि थोडी हळहळही.

व्यापारी वाचकांना या इतिहासातील दुसरी एक गोष्ट अधिक भावेल. फिलिप्सने या शोधाचा परवाना इतर उत्पादकांना मोबदला न घेता दिला. अट एवढीच, की ठरलेल्या मापात बदल करावयाचा नाही. या निर्णयामागे मोठे मन होते असे मानण्याचे कारण नाही. सोनी या जपानी कंपनीने शुल्क देण्यास नकार दिला होता आणि प्रतिस्पर्धी बनावटी बाजारात येऊ पाहत होत्या. परंतु त्या व्यवहाराचा लाभ आजही मिळतो. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. हे माप कोणी मोडले नाही, म्हणून १९७० मध्ये भरलेली कॅसेट १९९० च्या यंत्रात बसते. आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आखाती देशांतून परतणाऱ्या लोकांनी जपानी ‘टू-इन-वन’ मोठ्या संख्येने आणले आणि हा रेकॉर्डर चैनीच्या वस्तूंतून बाहेर पडून घराघरांत पोहोचला. आज माळ्यावर सापडतात ती यंत्रे बहुधा या पिढीची.

आता दुरुस्तीकडे वळू. न चालणाऱ्या यंत्रात दोष कोठे असेल, याचा अंदाज बाहेरूनही बराच बांधता येतो. प्रथम सेलची पेटी उघडावी. आत विसरलेले सेल फुटून पांढरी किंवा हिरवट पूड जमली असेल, तर पितळी पट्ट्या खाल्ल्या गेलेल्या असतात. अल्कलाइन सेलची गळती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजविलेल्या कापसाने निघते. साध्या जस्त-कार्बन सेलच्या गळतीला खाण्याच्या सोड्याचे पाणी लागते. नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. घरातील कोणतातरी एलिमिनेटर जोडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्या काळच्या अनेक जपानी यंत्रांत पिनेचा मध्यभाग ऋण असे, आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. उलट जोडणी झाली तर चांगले यंत्रही जळते.

यानंतर बेल्ट. मोटरीपासून जड चाकाकडे फिरणे पोहोचविणारा हा रबरी पट्टा चाळीस वर्षे एका जागी ताणलेला राहिला, की तो सैल होतो, चिरतो, किंवा सरळ वितळून डांबरासारखा चिकट होतो. हा काळा चिकटा बोटांना लागला तर दिवसभर जात नाही, कपड्याला लागला तर जातच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन तो चाकांवरून शांतपणे काढावा लागतो. एका बैठकीत काम संपत नाही. नवा बेल्ट निवडताना सर्व चाकांभोवती दोरा फिरवून लांबी मोजावी व त्याहून सुमारे पाच टक्के कमी घेराचा बेल्ट घ्यावा. फार घट्ट बसला तर मोटरीच्या दांड्यावर ओढ पडते, सैल राहिला तर सूर लहरतो. नोटांच्या गड्डीला लावतात तो रबर लावून वेळ मारून नेणारे कारागीर सर्वत्र आढळत. त्या रबराने यंत्र फिरते खरे, पण गाणारा माणूस पाण्याखालून गात असल्यासारखा वाटतो.

बेल्ट बदलूनही आवाज खरखरत असेल, मधेच शिटी वाजत असेल, तर पुष्कळदा यंत्र ‘गेले’ असे सांगितले जाते. वस्तुतः बहुतेक वेळा तो दोष मुद्रण आणि श्रवण यांत बदल करणाऱ्या लांब सरकत्या स्विचचा असतो. त्याचे डझनभर सूक्ष्म संपर्क काळवंडलेले असतात. संपर्क स्वच्छ करणाऱ्या द्रवाचे दोन थेंब सोडून, आत कॅसेट नसताना, तो स्विच वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे करावा. कित्येक निकालात काढलेली यंत्रे एवढ्यानेच बोलू लागतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कोरडे पडणे हा पुढचा संशयित. तेथे मात्र जाणकाराचा हात हवा, आणि सरसकट सर्व कंडेन्सर बदलण्यापेक्षा दोषी असलेलेच बदलणे बरे. तेलाच्या बाबतीत तर कंजूषपणाच इष्ट. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दांड्याच्या बुशीत पुरे; दुसरा थेंब बेल्टवर जातो आणि केलेले सर्व काम वाया घालवितो. खोबरेल तेल कधीही नको, ते काही महिन्यांत गोंदासारखे होते.

हेड, म्हणजे फितीवरील आवाज वाचणारा धातूचा भाग. दिसावयास तो गुळगुळीत, पण तेथील हिशेब फार सूक्ष्म आहे. फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला दहा हजार कंपने असलेल्या स्वराची एक लाट फितीवर अवघ्या ४.७६ मायक्रॉनमध्ये मावते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. हेडवर जमलेल्या मळाने फीत एक मायक्रॉन जरी दूर राहिली, तरी तो स्वर जवळजवळ चौथाईवर येतो. यंत्राचा आवाज ‘बसला’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अनेकांना कापसाची काडी आणि थोडे अल्कोहोल एवढेच हवे असते.

येथपर्यंतची कामे निर्धोक म्हणता येतील. परंतु हेडच्या शेजारी स्प्रिंग लावलेला एक लहान स्क्रू असतो, आणि मोटरीच्या मागे वेग जुळविण्यासाठी एक भोक असते. चांगला, प्रामाणिक, कामात तरबेज कारागीरही कुटुंबाच्या ठेव्याचे सर्वांत मोठे नुकसान करतो ते या दोन ठिकाणी.

हेडमध्ये एक अतिशय अरुंद फट असते. फीत पुढे सरकते त्या दिशेशी ती फट बरोबर काटकोनात असली पाहिजे. स्क्रू तेवढ्यासाठी दिलेला असतो. आता समजा, १९७८ साली एका घरात घेतलेल्या रेकॉर्डरचे हेड कारखान्यातूनच, किंवा दोन-तीन वेळा पडल्यामुळे, किंचित कलले होते. घरातल्यांना त्याचा पत्ता नव्हता, कारण त्यांना फरक जाणवलाच नाही. ज्या कललेल्या फटीने आवाज फितीवर लिहिला गेला, त्याच कललेल्या फटीने तो वाचला जात होता. दोन्ही चुका एकमेकींना मिळून जात. चाळीस वर्षांनी ते यंत्र दुरुस्तीला जाते. कारागीर प्रमाणित फीत लावतो, हेड कललेले आहे हे ओळखतो, स्क्रू फिरवून ते नेमके काटकोनात आणतो. विकतची कॅसेट आता पूर्वीपेक्षा स्पष्ट वाजते आणि सर्वांना समाधान होते. मग आजोबांची कॅसेट लावली जाते आणि त्यांचा आवाज गोधडीखालून यावा तसा येतो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे विरघळलेली. शब्द ओळखावे लागतात. घरचे लोक म्हणतात, फीत जुनी झाली. फीत ठीकच असते. तिच्यावरील लेखन ज्या तिरकसपणे झाले तो तिरकसपणा यंत्रातून काढून टाकला गेला, एवढेच घडलेले असते.

हिशेबाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावयास कठीण नाही. खतावणीत जुनी चूक सापडली तर ती खोडून, घासून, वर बरोबर आकडा लिहीत नाहीत. जुनी नोंद तशीच ठेवून दुरुस्तीची नवी नोंद करतात, म्हणजे मागाहून पाहणाऱ्याला काय घडले ते वाचता येते. कॅसेट रेकॉर्डरच्या बाबतीत यंत्राची चूक हीच त्याच्या कॅसेटींची गुरुकिल्ली असते. ती पुसण्यापूर्वी त्या यंत्रात भरलेल्या सर्व घरगुती कॅसेटींची संगणकावर नक्कल काढून घ्यावी. हेड जसे आहे तसेच स्वच्छ करावे, बेल्ट बदलावा, पण स्क्रूला हात लावू नये. मूळ यंत्र नसेल किंवा त्याचे हेड आधीच कोणी हलविले असेल, तर प्रत्येक कॅसेटसाठी दुसऱ्या यंत्राचा स्क्रू कानाने जुळवावा लागतो. स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आतच हळूहळू फिरवीत ‘स’ आणि ‘श’ जेथे सर्वांत लख्ख ऐकू येतील तेथे थांबावयाचे. सुरुवातीची जागा कायम शाईने खूण करून ठेवावी.

वेगाचेही असेच आहे. यंत्र त्या काळी सहा टक्के मंद फिरत असेल, तर त्यात भरलेला आवाज आजच्या अचूक यंत्रावर सहा टक्के जलद व सुमारे अर्ध्या स्वराने चढा ऐकू येतो. काळी एकमध्ये गायलेले पांढरी दोनमध्ये ऐकू येते. सेल संपत आलेले असताना केलेले मुद्रण आणखी फसवे. मोटर मंदावत गेल्याने फितीवरचा आवाज पुढे पुढे दाटत जातो आणि ऐकताना वृद्ध माणसाची बोलण्याची गती वाढत वाढत शेवटी त्याचा आवाज पोरकट होतो. असा दोष कोणत्याही यंत्राने निघणार नाही; संगणकावर, मूळ नक्कल अबाधित ठेवून, तिच्या प्रतीवर तो सुधारावा लागतो. खरा सूर कोणता हे कसे ठरवावयाचे? घरात तेव्हाची हार्मोनियम असेल आणि ती त्या गाण्याच्या साथीला वाजली असेल, तर तिच्याहून चांगला साक्षीदार नाही, कारण हार्मोनियमचे स्वर वर्षानुवर्षे फारसे हलत नाहीत. मुद्रण विजेवर झाले असेल, तर पार्श्वभूमीला येणारा घुमारा उपयोगी पडतो. तो आपल्याकडे पन्नास किंवा शंभर कंपनांच्या आसपास असावयास हवा. त्या काळी वीजपुरवठा इतका नेमका नसे, म्हणून हा पुरावा दुय्यम समजावा.

अनेक यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था असे. बोलणारा थांबला की यंत्र कान टवकारी आणि पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतील भांड्यांचा आवाज, रस्त्यावरील फेरीवाल्याची हाक वर चढून येई. आजची संगणकीय साधने ही ‘घाण’ एका क्षणात साफ करतात. ती साफ करण्याची घाई कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्या हाकेत एका बोळातील १९७८ सालची दुपार असते. सफाई करावयाचीच तर प्रतीवर करावी.

कॅसेटचेही काही विकार आहेत. आतील तांब्याच्या पट्टीवरील फेल्टचा लहान तुकडा गळून पडला की आवाज क्षीण होतो. दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटमधील तुकडा तेथे बसविता येतो. पाच स्क्रूंची कॅसेट सहज उघडते. कडा चिकटविलेली असेल तर कवच फोडून फीत नव्या कवचात हलवावी लागते. ते काम प्रथम बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करून पाहावे. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली, आणि दमट हवेच्या गावांत ती हमखास दिसते, तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडवर आणि तेथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते, शिवाय ती श्वासातून जाणेही बरे नव्हे. नव्वद मिनिटांपेक्षा लांब कॅसेटींची फीत फार पातळ असते. जुन्या यंत्रात ती भरभर पुढे-मागे करण्याऐवजी षट्कोनी पेन्सिलीने हाताने गुंडाळणे सुरक्षित. कोणतीही मौल्यवान कॅसेट लावण्यापूर्वी फुकट गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून घ्यावी.

खर्चाचा प्रश्न येतोच. घसाऱ्याच्या हिशेबात या यंत्राची किंमत केव्हाच शून्यावर आलेली आहे, आणि दुरुस्ती करून विकण्याच्या हेतूने पाहिले तर बहुतेक यंत्रांत हा व्यवहार तोट्याचा. काही विशिष्ट जपानी नमुन्यांना संग्राहक चांगला भाव देतात, म्हणून मग जुन्या रेकॉर्डरना चकाकी देण्याचा एक धंदाच उभा राहिला आहे. क्रोमचे भाग घासावयाचे, जाळी बदलावयाची, नावाची पट्टी नवी लावावयाची. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करताना शिलालेख घासून काढावा तसा हा प्रकार. झाकणावरील ओरखडा, मुठीला गुंडाळलेली सुतळी, आजीने शिवलेली पिशवी यांनी यंत्र चालण्यात कोणताही अडथळा येत नाही. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यावर न टाकता त्या एका कॅसेटच्या खात्यावर टाकला, तर तो जड वाटणार नाही.

सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे अजून विचारणा करता येते, जरी उत्तर पूर्वीइतके खात्रीचे मिळत नाही. नवा प्लेअर घेण्याचा पर्याय सोपा दिसतो. पण आज नव्याने विकले जाणारे बहुतेक स्वस्त प्लेअर एकाच साध्या यंत्ररचनेच्या नकला आहेत आणि त्यांचा वेग सत्तरच्या दशकातील चांगल्या यंत्राइतका स्थिर नसतो. या कामात मुरलेले कारागीर आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे यंत्र देताना तोंडी निरोपावर विसंबू नये. कागदावर चार ओळी लिहून यंत्राला बांधाव्यात: बेल्ट व रोलर बदलावा, स्विच आणि हेड स्वच्छ करावे, हेडचा स्क्रू आणि मोटरीचा वेग सांगितल्याशिवाय हलवू नये, काढलेले जुने भाग पिशवीत परत द्यावेत. चांगला कारागीर अशा चिठ्ठीने दुखावला जात नाही. उलट समोरच्याला काय हवे आहे ते त्याला कळते.

यंत्र परत आले की घरगुती कॅसेटी एकामागून एक, दोन्ही बाजू संपूर्ण, मध्ये न थांबता संगणकावर घ्याव्यात. कोरी वाटणारी बाजूही शेवटपर्यंत वाजू द्यावी; साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस सुमारे ८५ मीटर फीत असते आणि पंचविसाव्या मिनिटाला कोणीतरी बोलू लागल्याचा अनुभव पुष्कळांचा आहे. नक्कल न दाबलेल्या स्वरूपात ठेवावी, एक प्रत घराबाहेरच्या नातलगाकडे द्यावी, आणि कॅसेटच्या चिठ्ठीवरील हस्ताक्षराचे छायाचित्रही त्याच फोल्डरमध्ये घालावे. ऐकताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला शेजारी बसवावे. मागे हसणारी बाई कोण, मधेच रडणारे मूल कोणाचे, हे सांगणारे तेवढेच उरलेले असतात. त्यांनी सांगितलेली नावे मिनिटासह लिहून घ्यावीत.

त्यानंतर यंत्र हवे तर प्रमाणित फितीने जुळवून घ्यावे. काय बदलले, केव्हा बदलले आणि स्क्रू कोणत्या बाजूला किती फिरविला हे एका चिठ्ठीवर लिहून ती सेलच्या पेटीत ठेवावी. सेल मात्र काढून घ्यावेत.